सीतेच्या वेणीचं बी

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना सरता सरता आपल्या गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण भागात जुन्या झाडांच्या फांद्यांवर सीतेची वेणी लोंबायला लागते. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके आणि एकेका घोसात दाटीने बसलेली फुलं. ही आपली रानातली आमरी, म्हणजे ऑर्किड. पुष्कळ जण तिला बांडगूळ समजून खरवडून काढतात. पण ती झाडाचा रस घेत नाही, नुसती बसायला जागा घेते. तिच्या जाड, पांढुरक्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. ते पावसाचं पाणी टिपून घेतं, तेवढ्यावर तिचं भागतं.

फुलाचं कौतुक सगळेच करतात. मला आज बोलायचं आहे ते तिच्या बियांबद्दल.

त्याआधी परागाचं बघू. जास्वंदीला बोट लावलं की पिवळी भुकटी बोटाला लागते. आमरीत तसं होत नाही. तिचे परागकण घट्ट गोळ्यांत बांधलेले असतात आणि त्या गोळ्यांना चिकट बूड असतं. माशी किंवा फुलपाखरू आत तोंड घालतं आणि निघताना त्याच्या डोक्यावर वा सोंडेवर हे गोळे चिकटून येतात. टोक काढलेली पेन्सिल फुलात हळूच सारली तर गोळे तिलाही चिकटतात. काही जातींत पुढची करामतही डोळ्यांसमोर घडते. अर्ध्याएक मिनिटात गोळ्याचा देठ पुढे वाकतो आणि पुढच्या फुलात गोळा नेमका स्त्रीकेसराच्या जागी टेकेल अशा बेताने थांबतो. इतका बंदोबस्त असूनही आमरीच्या जवळजवळ एक तृतीयांश जाती कीटकाला मध देतच नाहीत, फसवून काम करून घेतात. त्यामुळे पुष्कळ फुलं फळ न धरताच गळतात.

पण एखादा गोळा लागला, की एका वेळी हजारो परागकण पोचतात. बऱ्याच आमरींत बीजांडं तयार होतात तीच त्यानंतर. शेंग धरते, महिनोन्‌महिने हिरवी राहते, मग सुकून उभी तडकते. ती टोकाला आणि देठाला जोडलेलीच असते, फाटी तेवढ्या उघडतात आणि कोरड्या वाऱ्याबरोबर त्यांतून पिवळट भुकटी झरत राहते. त्या भुकटीतला कणन्‌कण म्हणजे एक बी. एका शेंगेत ती हजारोंनी असतात, काही जातींत लाखांनी. पुष्कळ जातींत एका बीचं वजन ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास भरतं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं एक जाळीदार पारदर्शक आवरण, आत मोजक्या पेशींचा गर्भ आणि बाकी सगळी हवा. म्हणूनच ते वाऱ्यावर इतकं दूर जातं.

आपला नारळ बघा. कोंबाला महिनोन्‌महिने पुरेल एवढी खोबऱ्याची शिदोरी घेऊन तो पडतो. आमरीच्या बीजवळ यातलं काहीच नाही. ते पडेल तिथे त्याच्या जोगी बुरशी असावीच लागते. बुरशीचे तंतू बीत शिरतात, पेशींमध्ये त्यांची वेटोळी होतात आणि ती वेटोळी पचवून गर्भ वाढतो. आधी हिरवा दाणा, मग पान, मग मूळ. फूल यायला पुढे कित्येक वर्षं. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1899 साली रानात रुजलेल्या बियांमध्ये ही बुरशी पाहिली, तेव्हा कुठे हे कोडं सुटलं. 1922 साली अमेरिकेत लुईस नडसनने साखर घातलेल्या आगरवर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या जेलीवर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. बाजारात कुंडीत मिळणारी बरीच ऑर्किडं आज अशीच बाटलीत जन्मतात. रानात मात्र बुरशीवाचून गत्यंतर नाही.

डार्विनने 1862 साली इंग्लंडमधल्या एका आमरीचा हिशेब मांडला होता. एका रोपाचं प्रत्येक बी जगलं, तर त्याची पणतवंडं पृथ्वीवरची जवळपास सगळी जमीन झाकतील, असा तो हिशेब. प्रत्यक्षात जगतं ते एखादंच. म्हणून फांदीवरून ओरबाडून नेलेली आमरी मला फार लागते. तिची जागा भरून निघायला किती योग जुळावे लागतात!

आमरीच्या कुळात वाऱ्यावर न जाणारं बीही आहे, ते व्हॅनिलाचं. फोंड्याच्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, सावलीला हा वेल चढवलेला दिसतो. त्याचं बी काळं, कडक कवचाचं. मूळ मेक्सिकोचा हा वेल बाहेर नेला तेव्हा फुलायचा, पण शेंग धरत नसे. 1841 साली रियुनियन बेटावरच्या एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून पराग आत दाबायची युक्ती काढली. आजही लागवडीतली फुलं तशीच हाताने फळवतात, तीही सकाळीच, कारण फूल दुपारपर्यंत मिटतं.

आता मिरगाचा वारा सुटेल, फांद्या मोडतील. तुमच्या आवारात आमरीसकट फांदी पडली, तर ती सरपणात टाकू नका. रोप सालीच्या तुकड्यासकट अलगद सोडवा आणि जवळच्याच खरबरीत सालीच्या झाडावर, फांदीखालच्या विरळ सावलीत, सुंभाने बांधा. मुळं सालीला टेकलेली हवीत. खत घालू नका, माती लिंपू नका. पावसाळ्यात मुळं धरतील. आणि शेंग दिसली, तर ती तडकेपर्यंत तिला हात लावू नका.