चार थापा, पाच टिचक्या

मुलांचे हात बघा आधी. पत्र्यावर पाऊस असा कोसळतोय की टीचर काय बोलतायत ते माईकमध्ये धड आलंच नाही, पण बाकांवर पडणारे हात दिसतायत ना, एक टिचकी दोन थापा, परत एक टिचकी दोन थापा. टिचकी म्हणजे लघू, आखूड अक्षर, थाप म्हणजे गुरू, लांब अक्षर. गोव्यातली, वाळपईच्या पुढची शाळा, नववीचा मराठीचा तास, आणि जे वाजतंय ते भुजंगप्रयात, कवितेचं एक वृत्त.

फळ्यावर आठ शब्द. यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा. आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेत आणि पेपर झाल्यावर सोडून दिलेत. पण किती सुंदर बांधलंय बघा, पहिलं अक्षर म्हणजे गणाचं, तीन अक्षरांच्या गटाचं, नाव आणि शब्द उच्चारला की त्याच गणाचं माप, य-मा-चा, एक लघू दोन गुरू, झाला य गण, वेगळं काही लक्षात ठेवायलाच नको. संस्कृतमधलं यमाताराजभानसलगं तर एकाच शब्दात आटपतं, यमाता, मातारा, ताराज, असं एकेक अक्षर पुढं सरकत तीन-तीन उचलत जायचं, आठही गण मिळतात.

आणि मग लक्षणाच्या ओळी. ‘क्रमानेच येती य चारी जयात, म्हणावे तयाला भुजंगप्रयात.’ म्हणजे वृत्ताची व्याख्या त्याच वृत्तात, म्हणता म्हणता चाल तोंडात बसते. याला पाठांतर म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा या वर्गात येऊन बसावं असं मला खरंच वाटतं.

हा मागच्या बाकावरचा मुलगा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आरत्यांना घुमट वाजवतो, टीचरनीच त्याला आज घुमट आणायला सांगितलं. मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं, दुसऱ्या मोकळ्या तोंडावर डावा तळवा. 2019 पासून हे गोव्याचं वारसा वाद्य. आता ऐका. ‘मंदाक्रांता म्हणति तिजला वृत्त ते मंद चाले.’ चार भरदार थापा, मग पाच टिचक्या धावत येतात, एक थाप, आणि पुढं परत रेंगाळत शेवटापर्यंत.

मध्येच एक मुलगी घरच्या कोंकणीत विचारते, टीचर, ‘वृत्त’ मदलो वृ लघू न्हय? टीचर उत्तर देत नाहीत, तिलाच तो शब्द मोठ्यानं म्हणायला लावतात. वृ-त्त. जोडाक्षराचा आघात मागच्या वृवर येतो, तिला तो ऐकू येतो, आणि तिचा हात आपोआप थाप देतो. (हा शॉट पूर्ण ठेवलाय, कट नाही.)

कालिदासानं मेघदूत याच मंदाक्रांतेत लिहिलं, एवढंच टीचर सांगतात. मग घुमटवाला खिडकीकडे बघत म्हणतो, ढग पयलीं थांबता, मागीर धांवता, म्हणजे आधी थांबतो, मग धावतो. बाहेर सत्तरी तालुक्याचे डोंगर, वर ढग.

ओवीला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, तिथं गण नसतातच. फादर स्टीफन्सचं 1616 सालचं ख्रिस्तपुराण गोव्यातलंच, ओवीतलं, ते कानानंच धरावं लागतं. त्याचा वेगळा तास झाला, तेव्हा आम्ही नव्हतो.

वृत्त ओळखायचे मार्क आता जात नाहीत म्हणे.

संध्याकाळची कदंबा बस. तोच मुलगा, मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं घुमट, बोटं समोरच्या सीटच्या दांडीवर. इथं निवेदन नाही, नुसता आवाज.