मेट्रोच्या वर राहणारी माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

शहरात मेट्रोचं काम निघालं की आपण सगळे तीन प्रश्न विचारतो. कधी होणार? किती कोटी लागणार? आणि आमच्या घरापासून स्टेशन किती लांब? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण माझी उमेदीची वर्षं माती आणि खडक तपासण्यात गेली, त्यामुळे मला आणखी दोन प्रश्न सुचतात. जमिनीखाली पाणी कुठे आहे? आणि जमिनीवर राहणारा माणूस तिथे काय करतो? आजचं बोलणं या दोन प्रश्नांभोवती आहे. खाली पाणी कुठे, आणि वर माणूस काय करतो.

आपल्या देशातली पहिली मेट्रो कोलकात्याची. २९ डिसेंबर १९७२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि पहिली गाडी धावली २४ ऑक्टोबर १९८४ रोजी. बारा वर्षांनी धावली ती अवघ्या ३.४ किलोमीटरवर. टॉलीगंज ते डमडम हा सगळा मार्ग पुरा व्हायला १९९५ साल उजाडलं. पद्धत अशी होती की रस्ता उकरायचा, खड्ड्यात भिंती आणि छत बांधायचं, वर पुन्हा माती लोटून रस्ता करायचा. वर्षानुवर्षं रस्ते उघडे पडले, दुकानदारांचे हाल झाले. पैशाची चणचण होती, अनुभव नव्हता, आणि तरीही त्या मंडळींनी ते काम तडीस नेलं, याचं मला फार कौतुक आहे.

मग दिल्ली. १९९८ साली काम सुरू झालं आणि २००२ च्या डिसेंबरात शहादरा ते तीस हजारी गाडी धावू लागली. ई. श्रीधरन यांचं नाव तुम्हाला माहीत आहेच. दिल्लीला जाण्याआधी त्यांनी आपली कोकण रेल्वे उभी केली होती. दिल्लीच्या कामांवर त्यांनी उलटी मोजणी करणारी घड्याळं लावली होती, इतके दिवस उरले, इतके दिवस उरले. प्रवाशांसाठी दारं उघडली त्या दिवशी मेट्रो बघायला एवढी गर्दी लोटली, की ऐनवेळी कागदी तिकिटं द्यावी लागली. जाता जाता सांगतो, त्याच कोकण रेल्वेवर आज गाड्यांची एवढी दाटी आहे आणि बराचसा मार्ग अजून एकेरीच आहे. गणपतीला गावी जाणाऱ्या माणसाला विचारा, क्रॉसिंगला गाडी किती वेळ उभी असते ते. दुसरा मार्ग आधी घाला, असं मी जिथे संधी मिळेल तिथे म्हणतो, आज इथेही म्हणतो.

असो. आता ज्या गोष्टीसाठी मी आज मुद्दाम आलो आहे, ती सांगतो. ती पुन्हा कोलकात्याचीच आहे.

हावडा मैदानापासून सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचपर्यंत जाणारा पूर्व-पश्चिम मार्ग. साडेसोळा किलोमीटरचा. यात बोगदा चक्क हुगळी नदीच्या खालून जातो. नदीखालची लांबी सुमारे ५२० मीटर आणि गाडीला ती ओलांडायला पाऊण मिनिट लागतं. सगळ्यांना धास्ती होती ती नदीची. आणि नदीखालचे दोन्ही बोगदे २०१७ साली सुखरूप पार पडले. पेढे वाटले गेले असतील, वाटायलाच हवेत.

घात झाला तो नदीपासून दूर, भरवस्तीत. बोऊबाजार नावाचा जुना भाग आहे. अरुंद गल्ल्या, जुनी विटांची घरं, आणि घराघरांत सोनारकाम. मूळ आराखड्यात हा मार्ग सेंट्रल स्टेशनवरून जायचा होता. पुढे तो बदलून एस्प्लनेडवरून वळवला आणि या जुन्या वस्तीखाली आला. एस्प्लनेडहून सियालदाकडे दोन बोगदे खणायला दोन यंत्रं निघाली. एकाचं नाव चंडी, दुसऱ्याचं उर्वी.

यंत्राचं काम थोडक्यात सांगतो. पुढे फिरणारं चाक माती कातरतं, मागून ती माती बाहेर पडते, आणि यंत्र पुढे सरकेल तसं त्याच्या पोटातच काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं जोडलं जातं. कड्याला कडं लागून बोगदा तयार होतो. सगळी मेख एकच आहे. समोरच्या मातीचा आणि पाण्याचा जेवढा दाब, तेवढाच दाब यंत्राने आतून धरून ठेवायचा. दाब सांभाळला तर वरच्या घरातल्या कपातला चहासुद्धा हलत नाही.

आता कोलकात्याची जमीन कशी आहे? गंगेने आणून टाकलेला गाळ आणि वाळू, आणि थोडं खणलं की पाणी. आपल्याकडे मुंबईत किंवा पुण्यात काळा कातळ लागतो. पाणी त्याच्या भेगांतून येतं, तेही त्रास देतं, पण कातळ जागचा हलत नाही. वाळूचं तसं नसतं. समुद्रकाठी मुलं खड्डा करतात, तळाला पाणी लागलं की कडा आपोआप आत घसरतात, ते पाहिलंय ना? पाण्याबरोबर वाळू येते, आणि वाळू गेली तिथे पोकळी उरते. त्या पोकळीवर इथे तीनमजली घरं उभी होती.

३१ ऑगस्ट २०१९, शनिवार. आपल्याकडे सोमवारी गणपती बसायचे होते. चंडीला पाण्याने भरलेला वाळूचा थर लागला. पाणी आणि वाळू बोगद्यात घुसली आणि वरची जमीन खचू लागली. दुर्गा पिथुरी लेन, स्याकरापाडा लेन, या गल्ल्यांतल्या घरांना तडे गेले. माणसांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढून हॉटेलांत हलवलं. शेकडो माणसं होती ती. नंतरच्या दिवसांत काही घरं कोसळली, काही पाडावी लागली. आत माणसं नव्हती, हे त्या सगळ्या धावपळीचं मोठं यश. खाली बोगद्यात आडवी भिंत घातली आणि तिच्यामागे चक्क पाणी भरलं, म्हणजे आतला दाब आणि बाहेरचा दाब बरोबरीत येऊन वाळूचा ओघ थांबावा.

हे सगळं वर्तमानपत्रात आलं होतं. पण मला ते कळलं ते पुण्याच्या रविवार पेठेत. आमच्या ओळखीच्या एका सराफांकडे एक बंगाली कारागीर काम करतो. पुण्यात, मुंबईच्या झवेरी बाजारात, बंगालमधून आलेले असे कितीतरी हात आहेत. बांगड्यांवरची नाजूक जाळी बघता ना, ती पुष्कळदा त्यांची असते. या कारागिराचा चुलत भाऊ बोऊबाजारात होता. तळमजल्यावर एका खोलीत कारखाना. रात्री पोलिसांनी दार वाजवलं आणि तो तसाच बाहेर पडला.

काही दिवसांनी घरागणिक एका माणसाला थोडा वेळ आत जायला परवानगी मिळाली. डोक्यावर हेल्मेट, सोबत पोलीस, मिनिटं मोजलेली. कुणी रेशनकार्ड आणलं, कुणी घराची कागदपत्रं, कुणी लेकीच्या लग्नासाठी केलेले दागिने. हा बोऊबाजारचा भाऊ आत गेला आणि बाहेर आला तो पत्र्याचा एक गंजका डबा पोटाशी धरून. पोलिसाने झाकण उघडून पाहिलं, तर आत केर. झाडून गोळा केलेला केर. पोलीस म्हणाला, अरे, जीव धोक्यात घालून हा कचरा आणलास?

श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांची घरं सराफ कट्ट्याजवळ आहेत त्यांना हे लगेच कळलं असेल. सोनं कानशीने घासताना कीस उडतो. डोळ्याला दिसतही नाही इतका बारीक. तो अंगावर पडतो, चटईत अडकतो, फरशीच्या सांध्यात जातो. म्हणून कारागीर खोली झाडतो पण केर टाकत नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतो. आपल्याकडे झारेकरी सराफांच्या दारातली माती नेऊन धुतात, ती याचसाठी. त्या डब्यात वर्षभराचं काही ग्रॅम सोनं होतं. दिवाळीच्या खर्चाची तीच बेगमी.

पण डबा तर हाती आला. तरी तो म्हणत होता, माझी जमीन तिथेच राहिली. त्याचा चुलत भाऊ आम्हाला हे सांगत होता तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, घर गेल्याचं दुःख असेल. तेवढंच नव्हतं. सोनारांच्या कारखान्यात जुनी जमीन हाच साठा असतो. जागा सोडताना कारागीर ती जमीन उकरतात, तिची माती धुतात, आणि वर्षानुवर्षं मुरलेलं सोनं परत मिळवतात. त्याची ती जमीन खचली, तिच्यावर वरच्या मजल्याच्या विटा पडल्या, आणि सगळा ढिगारा ट्रकांत भरून गेला.

बाधित कुटुंबांना ५ लाख रुपयांची मदत जाहीर झाली, राहण्याची सोय झाली. ते योग्यच झालं. पण मला सांगा, कुठल्या पाहणीच्या अर्जावर लिहिलेलं असतं की या खोलीची जमीन हीच या माणसाची पुंजी आहे? अर्जात चौरस फूट असतात. मालक की भाडेकरू, एवढं असतं. म्हणून मी पुन्हा म्हणतो. वर माणूस काय करतो, हे आधी विचारा. त्याच्या खोलीत बसून विचारा, आणि काम सुरू होण्याआधी विचारा.

चंडी तिथेच गाडली गेली. कामाला न्यायालयाने स्थगिती दिली, ती २०२० च्या सुरुवातीला उठली. मग उर्वी निघाली, फार सावकाश, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सियालदाला पोहोचली. तिथे तिला वळवलं आणि उलट्या दिशेने चंडीचा राहिलेला बोगदा खणायला पाठवलं. एका यंत्राचं अर्धं राहिलेलं काम दुसऱ्याने पुरं केलं, मे २०२१ मध्ये. चंडीचे तुकडे करून तिला वर काढलं. एवढं झाल्यावरही त्याच भागात २०२२ च्या मे महिन्यात पाणी फुटलं, ऑक्टोबरात पुन्हा फुटलं, आणि पुन्हा घरं रिकामी करावी लागली. नदीखालून गाड्या मार्च २०२४ मध्ये सुरू झाल्या, पण बोऊबाजारचा सांधा जुळून सबंध मार्ग एक व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला. नदी पार करणं सोपं गेलं, गल्ली पार करायला सहा वर्षं लागली.

आपल्याकडे काय? मुंबईची कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो साडेतेहतीस किलोमीटरची. तिचा खर्च २३ हजार कोटींवरून ३७ हजार कोटींवर गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पूर्ण सुरू झाली. ती गिरगाव-काळबादेवीच्या चाळींखालून जाते. तिथल्या बाधितांना त्याच भागात घरं द्यायचं ठरलं, ही फार चांगली गोष्ट झाली, कारण गिरगावातल्या माणसाचा धंदाही गिरगावातच असतो. पुण्यात कसबा पेठेखालून, मंडईखालून बोगदा गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये गाडी स्वारगेटला पोहोचली. सिव्हिल कोर्टचं स्टेशन तर तेहतीस मीटर खोल आहे. तिथे एकदा मुलांना घेऊन जा आणि जिन्याने उतरा, म्हणजे तेहतीस मीटर म्हणजे काय ते पायांना कळेल. फक्त स्टेशनबाहेर आल्यावर चालायला धड पदपथ नाही, याचा मला मनापासून राग येतो. हजारो कोटींचा बोगदा बांधायचा आणि शेवटच्या दोनशे पावलांसाठी आजीबाईंना वाहनांच्या गर्दीत सोडायचं, हे कुणालाही शोभत नाही.

आता पुढचं काम आहे स्वारगेट ते कात्रज. हाही मार्ग भुयारी, साडेपाच किलोमीटरच्या आसपास, केंद्राने २०२४ मध्ये मंजूर केलेला. याच कात्रजहून पेशवाईत नळ बांधून शहरातल्या हौदांना पाणी आणलं होतं. त्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवा खेळती ठेवायला बांधलेले मनोरे, अजून काही ठिकाणी दिसतात. जुन्या वाड्यांच्या अंगणातल्या विहिरी बुजवल्या, वर फरशी घातली, सोसायट्या उभ्या राहिल्या. नकाशावर त्या विहिरी नाहीत. त्या कुठे होत्या, हे फक्त तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे.

तपासणीवाले दर काही अंतरावर बोअर मारतात, निघालेले खडकाचे नमुने पेट्यांत ओळीने मांडून ठेवतात. दोन बोअरच्या मध्ये काय आहे, ते अंदाजाने ठरवावं लागतं. तिथे तुमची माहिती उपयोगी पडते. खाली पाणी कुठे आहे, हे तुम्हीच सांगू शकता.

तेव्हा मार्गाजवळ राहणाऱ्यांनी एवढं करा. विहीर, हौद, जुना नळ, जे आठवत असेल ते कागदावर काढा, घराच्या भिंतीपासून किती फुटांवर ते लिहा, आणि मेट्रोच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. घराला आधीपासून तडे असतील तर वर्तमानपत्राचा त्या दिवसाचा अंक शेजारी धरून फोटो काढून ठेवा. तड्यावर काचेची पट्टी चिकटवायला कुणी आलं तर नाही म्हणू नका. ती फुटली की तडा वाढतोय हे कळतं, आणि ती फुटल्याचं पहिल्यांदा तुम्हालाच दिसणार आहे. दिसल्याबरोबर फोन करा, सकाळची वाट पाहू नका. आणि घरात शिवणकाम, छपाई, सोनारकाम, पापड-लोणची, काहीही चालत असेल, तर पाहणीच्या अर्जात त्यासाठी रकाना नसला तरी खाली मोकळ्या जागेत ते लिहाच, आणि लिहिल्याची प्रत मागून घ्या.

नमस्कार.