आजी गाळायची ती ओळ

श्रोतेहो, नमस्कार. आणि आमच्या नगरकडच्या श्रोत्यांना सलाम. आमच्याकडे ख्रिस्ती माणूस ख्रिस्ती माणसाला भेटला की अजूनही ‘सलाम’च म्हणतो.

आज ख्रिस्ती श्रद्धेची तोंडओळख करून द्यायची आहे. नाताळ तुम्हाला ठाऊक आहे, गुड फ्रायडेची सुट्टी ठाऊक आहे, देवळावरचा, म्हणजे चर्चवरचा, क्रूस रस्त्यानं जाता-येता पाहिलेला आहे. म्हणून मी तिथून सुरुवात करत नाही. मी एका प्रार्थनेपासून सुरुवात करतो. शिष्यांनी येशूला म्हटलं, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. तेव्हा त्यानं जी शिकवली, ती ही. शुभवर्तमान म्हणजे बायबलमधलं येशूची कहाणी सांगणारं पुस्तक; हा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात आहे, आणि आम्ही म्हणतो ती प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात. सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात संपते. वसईचा कॅथलिक, नगरचा प्रॉटेस्टंट, केरळातला सिरियन ख्रिस्ती, सगळ्यांची प्रार्थना हीच.

तिची सुरुवात होते ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी. इथं थोडं थांबा. ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’. आणि राजा नाही, न्यायाधीश नाही, पिता. येशू अरामी भाषा बोलायचा. घरातलं मूल बापाला ‘अब्बा’ म्हणायचं, तोच शब्द त्यानं देवासाठी वापरला. ख्रिस्ती श्रद्धेतली पहिली गोष्ट हीच: देव बाप आहे, आणि आपण सगळी त्याची लेकरं.

पुढे येतं, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ भाकर! हा शब्द ज्यानं मराठीत आणला त्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पाव म्हटलं असतं तर ती बेकरीतली प्रार्थना झाली असती, भाकर म्हटल्यामुळे ती चुलीपुढची झाली. मला तर वाटतं, धर्मग्रंथ ज्या भाषेत आपण भांडतो आणि लेकरांना जेवायला हाक मारतो, त्याच भाषेत असावा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि केडगावात बसून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवलं. त्यांच्या निधनानंतर, 1924 साली, ते छापून पूर्ण झालं. आज किती घरांत हे ठाऊक आहे? त्यांच्या समाजकार्याबद्दल आपण वाचतो, या कामाबद्दल मात्र फारसं कानावर येत नाही. असो.

भाकरीच्या पुढची ओळ अशी आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’

ही ओळ माझी आजी म्हणत नसे.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. देऊळ म्हणजे पत्र्याची लांबट खोली, खाली जाजम, पुरुष एकीकडे, बाया एकीकडे. मी लहान म्हणून आजीच्या मांडीशी. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, डोळे मिटले की सगळी मंडळी एका सुरात सुरू करायची. आजीचा आवाज खणखणीत. ‘रोजची भाकर’ तर ती अशी म्हणायची की देवानं ऐकलंच पाहिजे. आणि लगेच गप्प. ओठ घट्ट मिटलेले. बाकीच्यांची ती ओळ संपली की पुन्हा सुरू, ‘आम्हांस परीक्षेत आणू नको.’

मला वाटायचं, ती ओळ बायकांनी म्हणायचीच नसते. आजीशेजारी बसतो म्हणून मीही तोंड मिटून घ्यायचो. एकदा आईनं पाहिलं आणि घरी आल्यावर विचारलं. मी म्हटलं, आजी म्हणत नाही ना. आई काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली.

झालं होतं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात आजीच्या धाकट्या दिराकडे बैलांना वैरण उरली नव्हती. आजीनं आपली बोरमाळ मोडली आणि त्याला सातशे रुपये दिले. घरातला व्यवहार, कागद कशाला? पुढे पाऊस झाला, पीक आलं. आजीनं विचारलं, तर चार माणसांदेखत तो म्हणाला, “कुठले सातशे? वहिनी, तुम्ही स्वप्न पाहिलं.” बोरमाळ गेली त्याचं आजीला एवढं नव्हतं. चार माणसांत खोटी पडले, हे तिला गिळवत नव्हतं.

तेव्हापासून ती ओळ बंद. प्रभुभोजनही, म्हणजे देवळात येशूच्या आठवणीची भाकर घेणंही, बंद. ताट समोर आलं की ती न घेता पुढे सरकवायची. कारण येशूनं सांगितलंय, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाशी तंटा आठवला, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आजीला लिहिता येत नव्हतं, पण हे वचन पाठ होतं.

पाळकसाहेबांना सगळं माहीत होतं. तिनंच एकदा त्यांना ओट्यावर बसवून विचारलं, “साहेब, एवढी एक ओळ गाळली तर चालेल का?” ते म्हणाले, “चालायचं नाही. पण खोटी म्हणण्यापेक्षा तुम्ही थांबता, ते बरं आहे. थांबा, पण तिथंच कायमच्या राहू नका.” एवढंच. चहा घेऊन गेले. प्रवचनात तिच्याकडे बघून एक शब्द कधी टाकला नाही. हल्ली माइकवरून नावं न घेता माणसं झोडण्याची पद्धत पडली आहे, ती मला अजिबात पसंत नाही.

नऊ वर्षं गेली. मग एका शनिवारी संध्याकाळी आजीनं धुतलेलं लुगडं नेसलं, मला बरोबर घेतलं आणि दिराच्या वस्तीवर गेली. धाकटे आजोबा बाजेवर सुंभ वळत बसले होते. आजी उभीच राहिली. म्हणाली, “भाऊजी, त्या सातशे रुपयांचं सांगायला आले. आजपासून माझं तुमच्याकडं काही येणं नाही. सोडलं.”

त्यांनी वर पाहिलं, हातातला सुंभ थांबला. आणि म्हणाले काय? “कुठले सातशे?”

मला वाटलं, आता आजी कडाडणार. ती क्षणभर उभी राहिली, मग वळली. बांधावरून येताना तिचे डोळे भरून आले होते आणि तोंडानं ती पुटपुटत होती, “अजून कबूल करत नाही मेला.” घर आलं तेव्हा म्हणाली, “माझं सोडून झालं. त्याचं त्याच्यापाशी.”

श्रोतेहो, ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मला त्या बांधावर भेटला. समोरच्यानं कबूल करायच्या आधी सोडलेलं ऋण, यालाच आम्ही कृपा म्हणतो. पुन्हा सांगतो: कबूल करायच्या आधी. अरामी भाषेत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द आहे. माणूस देवाचा देणेकरी आहे आणि ते देणं त्याच्यानं फिटत नाही, पुण्यानं नाही, उपासानं नाही. नासरेथचा सुतार येशू हा देवाचा पुत्र, आणि देवानं त्याच्या रूपात ते देणं आपल्या अंगावर घेतलं, असा आमचा विश्वास आहे. यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, पंतय पिलात सुभेदार असताना, त्याला यरुशलेमेबाहेर वधस्तंभावर खिळलं. खिळणाऱ्यांसाठी तो म्हणाला, बापा, यांना क्षमा कर. त्यांनी क्षमा मागितली नव्हती. तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून उठला. तो आमचा ईस्टर. वल्हांडण पौर्णिमेचा, म्हणून ईस्टरही चंद्रावर ठरतो, वसंतातल्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी.

कृपा मोफत आहे, पण घेतली की माणूस तसाच राहू शकत नाही. मिळालेलं पुढे द्यावं लागतं. बाप्तिस्मा म्हणजे ती घेतल्याची जाहीर खूण, पाण्यानं. प्रभुभोजन म्हणजे तिची आठवण, भाकर आणि द्राक्षरसानं. मरणाच्या आदल्या रात्री येशूनं स्वतः भाकर मोडून शिष्यांना दिली, हे माझ्या स्मरणार्थ करा म्हणाला.

वेळ होत आली, म्हणून त्या रविवारचं तेवढं सांगतो. आजीनं ती ओळ म्हटली. ‘भाकर’ म्हणताना असायचा तसा आवाज नव्हता. हळू, अडखळत, ‘ऋण्यांस’वर जरा थांबून. मीही म्हटली, पहिल्यांदाच. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. आमच्या गावात तेव्हा पाव मिळत नसे, म्हणून चपातीचे तुकडे स्टीलच्या ताटात असायचे. ताट तिच्यापाशी आलं, तेव्हा तिनं आधी पदराला दोन्ही हात पुसले.