आधी मोडी, मग बाळबोध

(इंदूरमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'आपली लेखनशैली आणि रोजचा सराव'. सरावाकडे मी येणार आहेच, पण आधी थोडं मोडीबद्दल, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांच्या भराभर लिहायच्या लिपीबद्दल, बोलू द्या, कारण सरावाची सगळी युक्ती मला तिथेच दिसते. इथे बसलेल्या अनेकांच्या घरी पणजोबांच्या काळची मोडी कागदपत्रं ट्रंकेत असतील. होळकरांच्या चाकरीनिमित्त माळव्यात आलेली घराणी आपली. ते कागद रद्दीत देऊ नका, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मोडी लिहायचे कशी? कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढायचा. अक्षरांच्या आधी शिरोरेघ. मग त्या रेघेखाली अक्षरं एकात एक गुंतवत जायचं, होता होईतो बोरू, म्हणजे बोरूची लेखणी, न उचलता. शाई संपली की बोरू दौतीत जाणार, एरवी नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ही चिन्हं मराठीत एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तकांबरोबर रुळली, आणि त्यात इंग्रज कोशकार मेजर कँडी यांचा वाटा मोठा. ऱ्हस्व-दीर्घाचाही काच नाही, इकार-उकारांत तसा भेद कुणी काटेकोर पाळत नसे. लिहिणाऱ्याचा हात जिथे जिथे अडतो, ते सगळं मोडीनं बाजूला ठेवलेलं होतं.

आता मजकुराकडे बघा. पेशव्यांचे वकील, म्हणजे त्यांचे राजदूत, दरबारोदरबारी असत. अहिल्याबाईंच्या महेश्वराहूनही पुण्याला बातमीपत्रं जात. लिहिणाऱ्यांत साहित्यिक कुणी नव्हता. दरबारात कोण आलं, कोण कोणाच्या डेऱ्यात किती वेळ बसलं, कोणाचे किती स्वार कुठल्या घाटानं उतरले, हे वेळच्या वेळी कळवायचं, एवढंच काम. पुण्याला त्यावर निर्णय घ्यायचे असत, म्हणून मोघम लिहून चालत नसे. सुरुवात कशी करावी हा प्रश्नच नव्हता, कारण मायना, म्हणजे पत्राची सुरुवात, ठरलेला. 'येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लेखन केले पाहिजे. विशेष.' त्या 'विशेष'च्या पुढच्याच शब्दाला कामाची गोष्ट. सांगायचं संपलं की 'बहुत काय लिहिणे', आणि पत्र बंद. पुष्कळ पत्रं सांगून लिहवलेली, म्हणजे मालक बोलतोय आणि कारकून उतरवतोय. म्हणून आजही ती मोठ्यानं वाचली की माणूस बोलताना ऐकू येतो. एक वकील सावध, दुसरा उतावळा, तिसऱ्याला धन्याला खूश ठेवायचंय. दोनशे वर्षांनंतर हे ओळखता येतं, आणि शैली कमावायला यांतला कुणीच बसला नव्हता. ते नेमानं लिहीत होते, नेमकं लिहीत होते आणि बोलतात तसं लिहीत होते.

याच्या शेजारी आपल्या एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमाचं वृत्त ठेवा. 'दीपप्रज्वलनाने कार्यक्रमाचा शुभारंभ करण्यात आला. मान्यवरांनी या ठिकाणी आपले मनोगत व्यक्त केले. युवा पिढीच्या माध्यमातून मराठीचे संवर्धन व्हावे असे प्रतिपादन करण्यात आले. कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.' हे मला फार खटकतं, आणि सभेत बसून सांगतो की दर वेळी खटकतं. यात करणारा कुणीच नाही, सगळं 'करण्यात आलं'. नावं बदलली की हेच वृत्त ग्वाल्हेरला चालेल, बडोद्याला चालेल, पुढच्या वर्षीही चालेल. लिहिणारी बाई घरी याच कार्यक्रमाबद्दल काय सांगते? 'माईक दोनदा बंद पडला, तरी त्या मुलीनं नाट्यपद सोडलं नाही, आणि मागच्या रांगेतल्या आज्या तिच्याबरोबर म्हणायला लागल्या.' वृत्तात हे का येत नाही? कारण लेखणी हातात घेतली की शाळेचा निबंध आठवतो. 'लहानपणीच्या आठवणी मनात रुंजी घालतात.' कुठल्या आठवणी? त्या वाक्यात एकही नाही.

आपल्या गावात यात आणखी एक भीती मिसळते, ती पुण्याची. आपण बोलतो 'मी येऊन राहिलोय', 'मला माहीत पडलं', आणि लिहिताना ते पुसून कुणाचंच नसलेलं काहीतरी लिहितो. नागपूरकडेही 'करून राहिला' म्हणतात, त्यांना तर त्याची लाज वाटत नाही. तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या मुक्तिबोधांच्या घरात गजानन हिंदीचे मोठे कवी झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी-समीक्षक. ओसरीवर मराठी आणि रस्त्यावर हिंदी, हे आपलं भांडवल आहे. अर्थात, घाईत हिंदीतून उचललेलं आणि घरात मुरलेलं यांत फरक करायला हवा. परीक्षा सोपी आहे: आजी असं म्हणायची का? म्हणत असेल तर निर्धास्त लिहा. 'च्या माध्यमातून' कुठलीच आजी म्हणत नव्हती.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा सराव भराभर सांगतो, लिहून घ्या.

रोज वीस मिनिटं, शक्यतो एकाच वेळी, हातानं. फुलस्केपचं एक पान, म्हणजे साधारण दोनशे ते अडीचशे शब्द. वर तारीख, वार, गाव, खाली हवेची एक ओळ. हा तुमचा मायना, तो रोज तोच असू द्या, म्हणजे कोऱ्या पानाचं भय राहत नाही. विषय मोठा घेऊ नका. 'आई', 'पाऊस', 'माणुसकी' म्हटलं की निबंध आलाच. 'आज संध्याकाळी पाच ते सहा घरात काय झालं' असा घ्या. माणूस लिहिलात की त्याच्या हातात काय होतं ते लिहा, बाजारभाव लिहिलात की आकडा लिहा.

हे पहिलं पान मोडीचं. लिपी बाळबोधच, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, पण रीत मोडीची: हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, ऱ्हस्व-दीर्घाकडे बघायचं नाही. शब्द अडला तर हिंदी लिहा, तोही नसेल तर फुली मारून पुढे जा. लिहिता लिहिता दुरुस्त करणाऱ्याचं पहिलं वाक्य गुळगुळीत होतं आणि पाचवं वाक्य कधी येतच नाही. आणि आपलं बोलणं बहुधा पाचव्या-सहाव्या वाक्यानंतरच कागदावर उतरायला लागतं.

बाळबोध दुसऱ्या दिवशी. तेच पान मोठ्यानं वाचा, फोनवर रेकॉर्ड करा. जीभ अडखळली तिथे पेन्सिलीनं खूण. तिथे वाक्य लांबलेलं असतं किंवा शब्द उसना असतो. 'करण्यात आलं' दिसलं की करणाऱ्याचं नाव घाला. विशेषणं झाकून वाचा, अर्थ टिकला तर ती काढा. शुद्धलेखन अगदी शेवटी. साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम जरूर पाळा, पण ते स्वच्छ प्रतीसाठी आहेत.

बिघडतं कुठे? तीन दिवस लिहायचे राहून गेले की लोक चौथ्या दिवशी चार पानं भरायला बसतात, कंटाळतात आणि सुटतात. राहिलं ते राहिलं, त्या दिवशी एकच पान. दुसरं, लिहिल्या लिहिल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. मग काकांचा अंगठा कशाला येतो ते कळतं आणि लेखणी तिकडे वळते. निदान महिनाभर कुणाला दाखवू नका. तिसरं, फोनवर लिहिताना वर येणारे तयार शब्द. ते सगळ्यांना तेच सुचवतात, ती सोय बंद करा. चौथं, एकाच लेखकाची धून डोक्यात बसते. त्यावर उपाय असा: त्याच्या दहा ओळी मुद्दाम हातानं उतरवा आणि खाली तोच प्रसंग तुमच्या घरच्या बोलीत लिहा. त्याचं काय आणि तुमचं काय ते पानावरच वेगळं दिसतं.

महिन्याअखेर तीसेक पानं होतील. त्यांतली चार काढा, घरातल्या एखाद्या माणसाला नाव न सांगता वाचून दाखवा आणि विचारा, हे कुणी लिहिलं असेल? तुमचं नाव आलं तर कोणत्या वाक्यावरून ओळखलं ते विचारा आणि त्या वाक्याखाली रेघ ओढा. नाही आलं तर पुढचा महिना फक्त संभाषणं लिहा, कुणी काय म्हटलं ते जसंच्या तसं. कान सुधारला की हात सुधारतो, याचा अनुभव बहुतेकांना दुसऱ्या महिन्यातच येतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. मोडी वाचायची कशी, हे ज्यांना विचारायचंय त्यांनी आपले कागद घेऊन पुढे या, प्रश्न तिथेच घेऊ.