मेळ्याला गेलेली मुलगी

(दृश्य: हिरवं खोरं, दगडी कुंपणं, वळणावळणाचा अरुंद रस्ता)

१९२९ साल. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरमधल्या वेन्सलीडेल खोऱ्यात काविळीची साथ पसरली होती. आयस्गार्थ गावचे डॉक्टर विल्यम पिकल्स सकाळी एका आजारी मुलीला तपासून आले. ती आज अंथरुणातून उठेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पण त्या दिवशी गावचा मेळा होता, आणि दुपारी ती मेळ्याला गेली.

सुमारे महिन्याभराने आणखी काही जण काविळीने आजारी पडले. माग काढत गेल्यावर ती वाट त्या दुपारपाशी येऊन थांबली. लागण झाल्यापासून काविळ दिसेपर्यंत किती दिवस जातात, हे पिकल्स यांनी अशाच नोंदींवरून काढलं. प्रयोगशाळा नव्हती. कोण कधी आजारी पडलं आणि त्याआधी कोणाला भेटलं, याची नेटकी टिपणं होती, आणि खोऱ्यातली माणसं त्यांच्या ओळखीची होती.

(दृश्य: दवाखान्यातला संगणक, कळफलकावर बोटं)

आज डॉक्टरांची अशी टिपणं संगणकात असतात. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या ‘रॉयल कॉलेज’ या व्यावसायिक संस्थेचं, आजारांवर नजर ठेवणारं सर्वेक्षण केंद्र १९५७ पासून काम करतं आहे. निवडक दवाखान्यांमधून त्याच्याकडे आकडे येत राहतात. तिथली खरी ताकद संगणकात नाही, नावनोंदणीत आहे. लोक एका ठरावीक दवाखान्यात नाव नोंदवतात, आजारी नसले तरीही. या आठवड्यात चाळीस जण ताप घेऊन आले, एवढ्यावरून काहीच कळत नाही. चाळीस, पण कितींपैकी? नोंदणीमुळे ते कळतं, आणि लाखामागे किती हे सांगता येतं. मग या हिवाळ्याची तुलना मागच्या हिवाळ्याशी करता येते, आलेख नेहमीपेक्षा लवकर वर चढतोय का ते दिसतं.

आता जरा डॉक्टरांच्या टेबलाशी थांबू. समोर रुग्ण आहे: ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. डॉक्टर संगणकातल्या यादीतून एक कोड, म्हणजे आजाराची ठरावीक खूण, निवडतात: ‘फ्लूसदृश आजार’. शेजारच्या खोलीतले डॉक्टर तशाच रुग्णासाठी नुसता ‘खोकला’ निवडतात. तिसरे सगळं सविस्तर, अगदी मनापासून लिहितात, पण कोड टाकत नाहीत. मोजणी कोडवरून होते, त्यामुळे तो रुग्ण तिच्यात येतच नाही. या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत नाजूक जागा मला हीच वाटते. म्हणून दवाखान्यांना त्यांच्याच नोंदी परत दाखवाव्या लागतात, पुन्हा पुन्हा.

शिवाय खोकल्यावरून विषाणू ओळखता येत नाही. त्यासाठी काही दवाखाने नाका-घशातला स्वॅब घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. आलेख चढतोय तो इन्फ्लुएन्झामुळे की दुसऱ्याच कशामुळे, हे तेव्हा ठरतं.

मार्च २०२०. ताप-खोकला असेल तर दवाखान्यात येऊ नका, घरीच थांबा, असं इंग्लंडमध्ये लोकांना सांगितलं गेलं. ते गरजेचंच होतं. पण जो माणूस दारात येत नाही, त्याची नोंद कोण करणार? फोनवरून झालेली विचारपूस आणि चाचण्यांचे निकाल शेजारी ठेवल्याशिवाय एकट्या दवाखान्याचा आकडा वाचणं धोक्याचं झालं.

आणि या नोंदी माणसांच्या आहेत. डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत. त्या एका जागी गोळा करण्याची इंग्लंडमधली एक मोठी सरकारी योजना लोकांच्या विरोधामुळे २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. तो विरोध मला रास्त वाटतो. २०२० मध्ये ‘ओपनसेफली’ या प्रकल्पाने उलटी वाट धरली. नोंदी जिथे होत्या तिथेच राहिल्या, संशोधकांनी आपला प्रोग्रॅम तिथे पाठवला आणि बाहेर आली ती फक्त बेरीज. कोविडमध्ये कोणाच्या जिवाला जास्त धोका आहे, हे त्यातून सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या नोंदींवरून तपासता आलं. नावं कोणाच्या हाती पडली नाहीत.

(दृश्य: दवाखान्याचं दार, खुर्च्यांवर बसलेली माणसं)

सोमवारची सकाळ. बाहेर रांग वाढलेली. एक आई तापलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसली आहे. डॉक्टर ऐकतात, तपासतात, औषध लिहितात. मग क्षणभर थांबून यादीतला नेमका कोड शोधतात, आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतात.