खुबा बदलला, पण बसणार कशावर?

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या पावसात वाचनालयाचा हॉल भरवणाऱ्या मंडळींनो, पत्रिकेत विषय छापलाय ‘खुबेबदल : पुढून, बाजूने की मागून?’ म्हणजे खराब झालेला खुब्याचा सांधा काढून कृत्रिम बसवायचा, तर छेद कुठल्या बाजूने घ्यायचा. ते सांगणारच आहे. पण आधी माझी एक तक्रार ऐका, कारण आमच्या घरी ती ऐकून घ्यायला आता कोणी तयार नाही. (हशा)

हल्ली पेशंट ओपीडीत शिरतो तोच मोबाईल पुढे करून. डोंबिवलीच्या मुलाने व्हिडिओ पाठवलेला असतो. “डॉक्टर, हे पुढून करतात ते तुमच्याकडे होतं का? स्नायू कापत नाहीत म्हणे.” मी विचारतो, घराला पायऱ्या किती? संडास कसला? निजता कशावर? की समोरचा असा बघतो, जसा काही मी घर विकत घ्यायला आलोय.

पण विचारतो ते उगाच नाही. आपलं घर आठवा. खळ्यातून ओटीवर चढायला जांभ्याच्या पायऱ्या, त्यात एकीची उंची दुसरीला नाही आणि श्रावणात वर शेवाळ. न्हाणी पार मागच्या दारी. जेवायला पाट, नारळ खवायला विळी. विळीवर बाई बसते तेव्हा पोट मांडीला टेकतं. नव्या सांध्याला, तोही मागून घातलेल्या, पहिले दीड-दोन महिने नेमकं हेच चालत नाही. गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. आपली तर निम्मी बैठक याच तीन गोष्टींवर चालते.

राजापूरकडच्या एक आजी होत्या. आषाढात ऑपरेशन. त्यांचा एकच प्रश्न, “गणपतीत आरतीला उभी र्‍हायन ना?” दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या. मुलगा हुशार. त्याने कमोडवर उंच सीट बसवली, आईच्या खाटेच्या पायांखाली जांभ्याचे चिरे लावून खाट उंच केली. मी खूश. मग सुरू झाली विचारपूस. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे माणूस आजारी पडला की गाव त्याला बरं होऊ देत नाही. (हशा) एक पाहुणे म्हणाले, “आजी, खाटेवर काय अवघडून बसल्यात?” आणि माळ्यावरची आजोबांची कापडी आरामखुर्ची खाली काढली. कापड जुनं, मधोमध झोळ पडलेला. आजी आत बसल्या त्या बुडाल्याच, गुडघे छातीशी. तेवढ्यावरही निभावलं असतं. पण पानाचा डबा खुर्चीशेजारी जमिनीवर होता. आजी बाजूला वाकल्या, गुडघा आत वळला, आणि कट्! पाय आखूड झाला आणि आतल्या बाजूला फिरला. गाडीची मागची सीट पाडून, घाट उतरवून रात्री माझ्याकडे आणलं. भूल देऊन, पाय ओढून सांधा जागेवर बसवला. उघडावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच पाहुणे मोसंबी घेऊन हजर. आजींना म्हणतात, “पुढून करून घ्यायला हवं होतंत!” (मोठा हशा)

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ बरं.

आजच्या ऑपरेशनचा पाया घातला इंग्लंडमधल्या जॉन चार्नली यांनी, 1962 च्या सुमारास. ते मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा करवतीने कापून बाजूला घेत आणि शेवटी तारांनी बांधत. त्यांच्या कृत्रिम सांध्याचा, खोबणीत फिरणारा गोळा जेमतेम 22 मिलिमीटरचा. आज 32 किंवा 36 सर्रास वापरतो. गोळा मोठा, तर सांधा निखळायची भीती कमी.

सांध्यापर्यंत पोहोचायच्या वाटा मुख्यतः तीन. मागून गेलं की नितंबाचा मोठा स्नायू तंतूंच्या दिशेने फाकवतो आणि पाय बाहेर फिरवणारे छोटे स्नायू सोडवतो. दिसतं उत्तम. पूर्वी सांधा निखळण्याचं प्रमाण याच वाटेत जास्त होतं. आता ते स्नायू नीट शिवून घेतल्याने बरंच उतरलंय. बाजूने गेलं तर निखळणं कमी, पण पाय बाजूला उचलणाऱ्या स्नायूचा काही भाग सोडवावा लागतो, म्हणून काही जण लंगडत राहतात. पुढून गेलं तर दोन स्नायूंच्या फटीतून वाट मिळते. पहिले काही आठवडे चालणं थोडं सोपं जातं, हे खरं. पण मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा येऊ शकतो, सुटलेल्या पोटाखाली जखम ओली राहते, आणि सर्जनचा हात बसेपर्यंत हाड मोडण्याचा धोकाही असतो. काही महिन्यांनी तिन्ही पेशंट शेजारी चालवले तर मलासुद्धा ओळखता येणार नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांचा हात ज्या वाटेवर बसलाय, ती वाट बरी. व्हिडिओतली नको.

सांधा टिकतो किती? 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाहणीत 100 पैकी साधारण 58 सांधे 25 वर्षांनीही शाबूत होते. आपल्याकडे चाळिशीतले पेशंट पुष्कळ येतात, दारूने नाहीतर स्टेरॉइडने खुब्याचा रक्तपुरवठा तुटलेले. त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. मागच्या रांगेने हसू नये.

घरचं पटापट सांगतो. टाके दोन आठवड्यांनी निघतात. घोटे दिवसभर हलवत राहा, रक्त न गोठण्याची गोळी चुकवू नका, आणि पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला तर सकाळची वाट न बघता निघा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. निजताना पायांत उशी. नारळ खवायला ओट्याला घट्ट बसणारं हातयंत्र मिळतं, ते आणा. आरतीला खुशाल उभे राहा, नमस्कार उभ्यानेच.

चहा आलाय. उरलेले प्रश्न तिकडे घेतो, पण कोणी मोबाईल काढायचा नाही.