वर्षाला एकच अंडे

मित्रहो, पक्षी नामशेष का होतात, असे कोणालाही विचारले की जंगलतोड, शिकार, प्रदूषण आणि अलीकडे हवामानबदल ही चार उत्तरे ताबडतोब मिळतात. ती खोटी नाहीत. परंतु एकाच गावाच्या शिवारात राहणारी आणि एकाच मेलेल्या बैलावर उतरणारी गिधाडे संपली आणि कावळे मात्र राहिले, याचा उलगडा या चार शब्दांनी होत नाही. तो व्हायचा असेल, तर त्या त्या पक्ष्याच्या जन्ममृत्यूचा हिशेब मांडून बघावा लागतो, आणि आज मी मुख्यतः तोच मांडणार आहे.

पक्षी संख्येने पुष्कळ असला म्हणजे तो सुरक्षित, ही समजूत आधी बाजूला ठेवू. उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतरांची संख्या एके काळी 300 ते 500 कोटी असावी, असा अंदाज आहे. हे पक्षी प्रचंड वसाहती करून वीण करीत. एवढ्या गर्दीत शिकारी प्राण्यांनी कितीही पिल्ले खाल्ली तरी बहुतेक वाचत, आणि म्हणूनच एका विणीत एकच अंडे घालूनही त्यांचे भागत असे. एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आले, रेल्वे आली. वसाहत कोठे बसली आहे याची खबर काही तासांत शेकडो मैलांवर पोहोचू लागली आणि मारलेली कबुतरे पिंपात भरून शहरांच्या बाजारात जाऊ लागली. वर्षानुवर्षे ऐन विणीत घाला पडला, म्हणजे पिल्लांची नवी पिढीच आली नाही. आणि थवे लहान झाल्यावर गर्दीने मिळणारे संरक्षणही गेले. 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची मादी मेली आणि ती जात संपली.

बेटांवरच्या पक्ष्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. मॉरिशसच्या डोडोला खलाशांनी खाल्ले हे खरे, पण त्यांच्या जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी जमिनीवरची अंडी खाल्ली, हे त्याहून घातक ठरले. आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर 1844 साली महाऑक या न उडणाऱ्या समुद्रपक्ष्याची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली, ती मात्र संग्राहकांसाठी! पक्षी दुर्मीळ झाला तशी त्याच्या कातड्याची किंमत वाढली, आणि किंमत वाढली म्हणून उरलेलेही मारले गेले.

आता आपल्याकडच्या गिधाडांकडे वळू. गिधाड पाच-सहा वर्षांचे झाल्याशिवाय वीण करीत नाही, आणि मग जोडी वर्षाला एकच अंडे घालते. ते पिल्लू दरवर्षी जगेलच असेही नाही. हे परवडते, कारण प्रौढ गिधाड दीर्घायुषी असते. निरोगी परिस्थितीत शंभरांपैकी जेमतेम पाच प्रौढ पक्षी वर्षभरात मरतात. सावकारी भाषेत बोलायचे, तर या पक्ष्याचे व्याज फार थोडे असते आणि सारी भिस्त मुद्दलावर असते. त्या मुद्दलालाच दरवर्षी थोडीशी गळती लागली, तर ती भरून काढायला निसर्गाकडे दुसरी तजवीज नाही.

विसाव्या शतकाच्या शेवटी नेमके हेच झाले. 1980च्या दशकापर्यंत पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातल्या सर्वांत विपुल मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानला जात असे. गावाबाहेर ढोर टाकले की शंभर-दोनशे गिधाडे उतरत आणि तासाभरात हाडे उरत. 1990च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांना गिधाडे माना टाकून बसलेली आणि झाडांखाली मेलेली आढळू लागली. 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99.9 टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांची घट मिळून सुमारे 97 टक्के होती.

ध्यानात घ्या, या पक्ष्यांची कोणी शिकार करीत नव्हते. ढोरे पूर्वीइतकीच मरत होती, म्हणजे अन्नाची टंचाई नव्हती. घरट्यांसाठी झाडे आणि कडे होते. नेहमीच्या चार उत्तरांपैकी एकही धड लागू पडेना. कीटकनाशके तपासली गेली, एखादा विषाणू असावा असाही संशय बळावला. अखेर पाकिस्तानात काम करणारे अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांना शवविच्छेदनांतून धागा मिळाला. मेलेल्या बहुतेक प्रौढ गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढलेला होता. मूत्रपिंडाला घातक ठरेल आणि गुरांच्या मांसातून पोटात जाईल असे काय असू शकते, हा प्रश्न धरून ते डायक्लोफेनॅकपर्यंत पोहोचले. लंगडणाऱ्या, ताप आलेल्या जनावरांना सर्रास दिले जाणारे हे स्वस्त वेदनाशामक. 2004 साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी झालेली एक आकडेमोड मला स्वतःला या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते. एवढा ऱ्हास घडवून आणायला किती मृत जनावरांत हे औषध असायला हवे, याचे गणित मांडले गेले, तेव्हा उत्तर आले एक टक्क्याहूनही कमी. शंभर ढोरे चाचणीसाठी उचलली असती, तर कदाचित शंभरही निर्दोष निघाली असती, आणि तरीही गिधाडे मरत राहिली असती. कारण गिधाड घोळक्याने जेवते. एकच दूषित शव अनेक प्रौढ पक्ष्यांना एका बैठकीत संपवते. कावळ्याचे वर्षाला चार-पाच अंड्यांचे गणित असा तोटा पचवू शकते, गिधाडाचे नाही.

2006 साली भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली आणि मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय सिद्ध झाला. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून 2015 साली त्यांचा आकार तीन मिलिलिटरवर आणावा लागला. गिधाडांना तितकीच घातक असलेली ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही औषधे बंद व्हायला मात्र 2023 उजाडले. पहिल्या बंदीनंतरची ही सतरा वर्षे मला अक्षम्य वाटतात.

पक्षी संपला असे ठरवणे हेही सोपे काम नसते, याचे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना 1884 साली मिळाला होता. पुढे रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने संग्रहालयातला एक जुना नमुना लांबवला, त्यावर 1914 आणि गुजरातेतील मांडवी अशी खोटी चिठ्ठी लावली, आणि त्या नोंदीने शोधाची दिशाच चुकली. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली आणि खऱ्या ठिकाणांवरून माग काढला. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात रानपिंगळा त्यांना व त्यांच्या साथीदारांना जिवंत दिसला. पुढे तो मेळघाटात आणि तानसा अभयारण्यातही आढळला.

माळढोकाच्या वाट्याला असे नशीब येईल असे दिसत नाही. त्याची मादीही बहुधा वर्षाला एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, जिथे कोल्हा, घोरपड आणि मोकाट कुत्री सगळेच पोहोचतात. गिधाडाच्या बाबतीत एक गुन्हेगार सापडला, इथे अनेक आहेत. सरकारी दफ्तरात माळरान ‘पडीक’ म्हणून नोंदले गेले आणि त्यावर झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरले. गवताळ माळावर जगणाऱ्या पक्ष्याला ते वनीकरणही परकेच होते. पाणी आले तसा ऊस आला. सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात 1979 साली 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर उभे राहिले. त्यात शहरे, साखर कारखाने आणि लोकांची शेते सगळे काही होते, त्यामुळे जमिनीचे व्यवहार अडले आणि ज्यांच्या शेतात हा पक्षी उतरायचा ते शेतकरीच त्याच्यावर रागावले. क्षेत्र नंतर बरेच कमी झाले, पण तोवर माळढोक जवळजवळ गेलेला होता.

आज जे शंभर-दीडशेच्या आसपास उरले आहेत, ते बहुतेक जैसलमेर भागात आहेत. तिथे सौर आणि पवनऊर्जेच्या वीजवाहिन्या पसरत आहेत. माळढोक जड असतो, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. समोरचे त्याला नीट दिसत नाही आणि तार लक्षात येईपर्यंत वळायला वेळ उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला, 2024 साली तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. दरम्यान जैसलमेर जिल्ह्यातील प्रजनन केंद्रात अंडी कृत्रिमरीत्या उबवून पिल्ले वाढवली जात आहेत आणि ती जगतही आहेत. ती मोठी झाल्यावर सोडायची कुठे, याचे उत्तर प्रजनन केंद्राला देता येणार नाही; ते महसूल खात्याला आणि वीज कंपन्यांना द्यावे लागेल.